पाणी दिलेल्या सुरीचे वाकलेले पाते सरळ कसे करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून स्वयंपाकघरात वापरायची सुरी तयार केली. पाते २१० मिलिमीटर लांब आणि पाठीकडे २.८ मिलिमीटर जाड आहे. लोहचुंबक चिकटेनासे झाल्यावर आणखी थोडे तापवून त्यांनी ते तेलात विझवून कडक केले (यालाच पाणी देणे म्हणतात), २०० अंश सेल्सिअसला दोनदा टेम्पर केले, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून मंद उष्णतेत ठेवले, आणि मग निरखून पाहिले, तेव्हा पात्याला मधोमध सुमारे ३ मिलिमीटरचा बाक आल्याचे दिसले. व्हाइसमध्ये धरून उलट दिशेने वाकवले की पाते वाकते, पण सोडले की पुन्हा जागच्या जागी येते. ओळखीच्या एकांनी ऐरणीवर ठेवून हातोड्याचा दणका देण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, नसल्यास काय करावे, आणि हे मुळात कशामुळे झाले, असे त्यांनी विचारले आहे.

दणका देऊ नये. व्हाइसमध्ये आणखी जोर लावूनही पाहू नये. पाते सोडल्यावर परत येते, याचा अर्थ जोर कमी पडतो असा बहुतेकजण घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात सुरीचे दोन तुकडे घेऊन बसतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात अशीच एक सुरी घालवली. तिचे टोक माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या दाराच्या फळीत रुतले. त्या दिवसापासून कडक पात्याला हात लावण्यापूर्वी मी डोळ्यांवर गॉगल चढवतो, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

असे होण्याचे कारण आकड्यांत पाहिले की नीट उमगते. पोलाद मऊ असो की कडक, ते वाकवायला लागणारा जोर सारखाच असतो, कारण त्याची ताठरता उष्णतेच्या प्रक्रियेने फारशी बदलत नाही. बदलते ती गोष्ट वेगळी: किती वाकवले म्हणजे ते कायमचे वाकून राहील, ती मर्यादा. आपल्या पात्याइतक्या जाडीची मऊ पट्टी साधारण ७०० मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीइतकी वाकवली, म्हणजे मध्यभागी सात-आठ मिलिमीटर खाली दाबली, की तिचा आकार बदलू लागतो. तेच पाते कडक असताना ती त्रिज्या जवळपास दीडशे मिलिमीटरवर येते. म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर उलटा बाक देईपर्यंत पात्यावर काहीच कायमचा परिणाम होणार नाही, आणि परिणाम सुरू होण्याची जागा व तुटण्याची जागा यांत अंतर फार थोडे असते. पाठीवर कानशीचा एखादा आडवा ओरखडा राहिला असेल तर तेवढेही उरत नाही. म्हणून कडक पात्याच्या बाबतीत प्रश्न किती जोर लावावा हा नसतो. पोलाद सध्या कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या अवस्थेत ते ऐकेल, हा असतो.

पोलाद ऐकते अशा संधी मोजक्याच आहेत. पहिली संधी तेलातून बाहेर काढल्यानंतरच्या अर्ध्या-एक मिनिटाची. ती आपली हुकली आहे. दुसरी टेम्परिंगच्या उष्णतेत, आणि ती अजून शिल्लक आहे. तिसरी गार पात्यावर बारीक ठोके देऊन एका बाजूचा पृष्ठभाग ताणण्याची. याखेरीज पाठ मऊ करून घेण्याचा आणि सगळे पहिल्यापासून करण्याचा असे दोन मार्ग उरतात. आपल्या सुरीला टेम्परिंगच्या उष्णतेची दुसरी संधी लागू पडेल, म्हणून तिच्यावर मी सर्वांत अधिक लिहिणार आहे. परंतु त्याआधी बाक खरोखर बाकच आहे याची खात्री करून घ्यावी लागेल.

त्यासाठी दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचा एक तुकडा आणि चांगली स्टीलची पट्टी एवढे पुरते. पट्टी आधी एका गालावर, म्हणजे पात्याच्या एका चपट्या बाजूवर, पाठीलगत उभी धरून मागून उजेड पाहावा, मग दुसऱ्या गालावर तसेच करावे. एक गाल जितका खोलगट, तितकाच दुसरा फुगीर दिसला तर पाते वाकलेले आहे. एक गाल खोलगट आणि दुसरा सरळ दिसला तर पाते सरळच आहे आणि दोष घासणीतला आहे. अशा वेळी ते वाकवायला जाल तर सरळ पाते वाकडे कराल. असे मी अनेकांना करताना पाहिले आहे. त्यानंतर पाते डोळ्यासमोर आडवे धरून त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू सरकवावे. प्रकाशाची ती पट्टी एका बाजूला सलग झुकत गेली तर तो साधा बाक. ती एका जागी मोडल्यासारखी झाली तर तिथे कोपरा आहे. पाठीकडची आणि धारेकडची टोके वेगवेगळ्या दिशांना गेली तर पीळ आहे. केवळ धारेलगत ती नागमोडी झाली तर ती लाट आहे, आणि लाटेवर घासून काढण्यावाचून दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. बाक जिथे सर्वांत खोल आहे तिथे मार्करने रेघ मारावी, जिथे तो सुरू होतो व संपतो तिथेही माराव्यात, आणि काचेवर पाते ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापकाने) त्याचे माप घेऊन वहीत लिहावे. हे माप पुढे प्रत्येक फेरीनंतर लागते आणि आठवणीवर विसंबून चालत नाही.

दुसरी तपासणी तड्याची. कमानपाटा जुना असेल तर वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी त्यात बारीक तडे आधीच असू शकतात, आणि पाणी देताना नवाही पडू शकतो. पाते स्वच्छ पुसून त्यावर रॉकेल लावावे, दहा मिनिटांनी ते पूर्ण पुसून कोरडे करावे आणि शाळेच्या खडूची पूड पातळ पसरावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडू ओला करते आणि केसाएवढी काळपट रेघ उमटते. रेघ उमटली तर सरळ करण्याचा विचार सोडून द्यावा. त्या पात्याचे मन वळवण्यात अर्थ नाही. ते आज ना उद्या त्याच रेघेवर तुटणार.

आता मुख्य पद्धत. पाणी दिलेले पोलाद म्हणजे आतून प्रचंड ताणलेली रचना असते. टेम्परिंगच्या उष्णतेत तिच्यातला कार्बन थोडा थोडा बाहेर पडून बारीक कणांच्या रूपाने स्थिरावतो आणि ताण सैल होतो. हे घडत असताना पाते उलट दिशेने वाकवून धरले तर त्या सैल होण्याला दिशा मिळते. गार असताना जे पाते तीन सेंटिमीटर वाकवूनही ऐकत नाही, ते १८० ते २२० अंशांवर तासभर सात-आठ मिलिमीटर दाबून ठेवल्याने आकार बदलते. यातले बरेचसे काम पहिल्या टेम्परिंगमध्ये होते, कारण तेव्हा आतली उलथापालथ सर्वाधिक असते. आपले दोन टेम्पर होऊन गेले आहेत, त्यामुळे आपल्याला तेच तापमान पुरणार नाही. १० ते १५ अंश वर जावे लागेल. त्याने कडकपणा रॉकवेल मापावर एखाद्या अंकाने उतरेल. स्वयंपाकघरातल्या सुरीला, त्यातही कमानपाट्याच्या, तेवढे चालते. धार थोडी लवकर बसेल, पण चिपा कमी उडतील.

साहित्य असे लागेल: २५ मिलिमीटरचा चौरस दांडा किंवा जाड अँगलचा सरळ तुकडा, पात्यापेक्षा थोडा लांब; एक किंवा दोन सी-क्लॅम्प; आणि पॅकिंगसाठी स्टीलच्या पट्ट्या. पट्ट्या नसतील तर नाणी चालतात, फक्त व्हर्नियरने मोजून दोन्ही टोकांना सारख्या जाडीची घ्यावीत. क्लॅम्पच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या टोप्या आणि दांडीवरचे रबर आधी काढून टाकावे. पाते साबणाने धुऊन त्यावरचे तेल पूर्ण घालवावे. घरातल्या ओव्हनमध्ये या दोहोंपैकी एक जरी गोष्ट राहून गेली तर पुढचे आठ दिवस घरात तो वास आणि त्यावरचे बोलणे दोन्ही सोसावे लागते.

पाते दांड्यावर असे ठेवावे की खोलगट गाल दांड्याकडे आणि फुगीर गाल वर येईल. दोन्ही टोकांखाली, म्हणजे बाक सुरू होतो व संपतो त्या रेघांखाली, पॅकिंग सरकवावे. मधल्या रेघेवर क्लॅम्पचा स्क्रू यावा. स्क्रू आणि पाते यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा लहान तुकडा ठेवावा, म्हणजे दाब एका बिंदूवर न येता थोडा पसरेल. स्क्रू आवळत मधला भाग दांड्याला टेकवला की पात्याला पॅकिंगच्या जाडीइतका उलटा बाक बसतो. ३ मिलिमीटरच्या बाकासाठी पहिल्या फेरीत ३ मिलिमीटरचे पॅकिंग घ्यावे, म्हणजे पात्याचा मध्य एकूण ६ मिलिमीटर सरकेल. इथे बाक गोलसर आणि लांब असेल तर दोन क्लॅम्प शेजारी शेजारी लावावेत. एकाच जागी कोपरा असेल तर पॅकिंग जवळ आणून एकच लावावा. लांब बाकाला एकाच जागी दाबले तर बाकाऐवजी इंग्रजी 'डब्ल्यू'सारखा आकार मिळतो आणि तो काढणे मूळ बाकापेक्षा अवघड असते.

गार पात्यावर स्क्रू पूर्ण आवळू नये. मी आधी क्लॅम्प हलका लावून सगळा सांगाडा वीस मिनिटे ओव्हनमध्ये ठेवतो, मग जाड हातमोज्यांनी बाहेर काढून एक-दोन आटे देतो, पुन्हा आत ठेवतो आणि दोन-तीन खेपांत पाते दांड्याला टेकवतो. पात्याला एकही टेम्पर दिलेला नसेल तर ही सावधगिरी दुप्पट महत्त्वाची. तेव्हा आधी १५० अंशांवर अर्धा तास पाते मोकळे ठेवावे आणि मगच क्लॅम्पमध्ये घालावे. कोरे, टेम्पर न केलेले पाते काचेसारखे असते. पाणी दिल्यावर ते बाकदार निघाले म्हणून "उद्या बघू" असे म्हणून रात्रभर तसेच ठेवणाऱ्यांना सकाळी कधीकधी तडा गेलेले पाते मिळते, कोणी हात न लावताही.

आपल्या सुरीसाठी २१५ अंश आणि पूर्ण दोन तास असा हिशेब धरावा. घरगुती ओटीजी ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. शिवाय ट्रेमध्ये कोरड्या वाळूचा थर द्यावा म्हणजे गरम तारेच्या थेट उष्णतेने पात्याचे टोक एकदम तापणार नाही. खात्री करण्याचा जुना मार्गही आहे: घासून चकाकणाऱ्या जागेवर २०५ ते २२० अंशांदरम्यान फिकट पेंढ्याचा पिवळा रंग चढतो, २५० च्या आसपास तो तपकिरी होतो, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. धारेवर तपकिरी छटा दिसली म्हणजे आपण ठरवलेल्या जागेपुढे गेलो.

वेळ झाल्यावर क्लॅम्प न काढता सगळे हाताला सोसेल इतके गार होऊ द्यावे आणि मगच सोडावे. पहिल्या फेरीत पाते सरळ निघाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. गेल्या पावसाळ्यात जवळपास आपल्याच मापाचे एक पाते मी सरळ केले, त्याची वहीतली नोंद देतो. सुरुवातीचा बाक ३ मिलिमीटर. ३ मिलिमीटर पॅकिंगने पहिल्या फेरीनंतर २ उरला. ५ मिलिमीटर पॅकिंगने दुसऱ्या फेरीनंतर पाऊण मिलिमीटर. ६ मिलिमीटर पॅकिंगने तिसऱ्या फेरीनंतर पाव मिलिमीटर उरला, तो घासताना गेला. पॅकिंग असे टप्प्याटप्प्याने वाढवावे. ६ मिलिमीटरलाही पात्यावरचा ताण त्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी असतो, त्यामुळे भीती नाही. पण पहिल्याच खेपेस १० मिलिमीटर देऊन एका दमात काम उरकण्याचा मोह झाला, तर पाते नेमके किती फिरेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि पलीकडे गेलेला बाक परत आणण्यात आणखी दोन फेऱ्या जातात.

पीळ असेल तर क्लॅम्पने तो जात नाही. पाते ओव्हनमधून २०० अंशांवर बाहेर काढून शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, तांब्याचे तुकडे लावून व्हाइसमध्ये धरावी, टोकाकडच्या भागावर मोठा अ‍ॅडजस्टेबल पाना बसवून उलट दिशेने सावकाश पीळ द्यावा आणि गार होईपर्यंत धरून ठेवावे. हाताशी वेळ पंधरा-वीस सेकंदांचा असतो, म्हणून पान्याची तोंडे आधीच जुळवून ठेवावीत. साधा बाकही या रीतीने काढणारे आहेत: व्हाइसच्या एका जबड्यावर दोन आणि दुसऱ्यावर मधोमध एक अशा तीन खुंट्या लावायच्या, गरम पाते त्यांत धरायचे आणि व्हाइस आवळायचा. सराव असेल तर ही रीत जलद आहे. मला ती जाड पात्यांसाठी पसंत आहे. पातळ सुरीवर खुंटीचा दाब फार अरुंद जागी येतो.

आता ठोक्यांची पद्धत, कारण आपल्याला मिळालेला दणक्याचा सल्ला बहुधा तिच्याच ऐकीव माहितीतून आला असावा. जपानी सुरीकारांच्या हातात ही कला फार मुरलेली आहे. तिच्यात पाते वाकवायचे नसतेच. खोलगट गालाचा पृष्ठभाग बारीक ठोक्यांनी किंचित पसरवायचा. तो पसरला की लांब होतो आणि लांब झाला की खोलगटपणा भरून निघतो. म्हणून पाते ऐरणीवर खोलगट गाल वर करून ठेवतात, फुगीर गाल ऐरणीला टेकलेला. ज्यांना हे कारण ठाऊक नसते ते सरळ बुद्धीने उलटे करतात: फुगीर बाजू वर ठेवून तिच्यावर मारतात. तसे केल्याने एक तर बाक वाढतो किंवा पाते मधोमध आधाराविना असल्यामुळे तुटते.

हातोडीच्या टोकाला कार्बाइडचा गोलसर तुकडा ब्रेझ केलेला, म्हणजे पितळेसारख्या धातूने झाळून बसवलेला, असतो, कारण साधा हातोडा कडक पात्यावर खूण उमटवण्याऐवजी स्वतःच चेपतो. लेथवरच्या जुन्या कार्बाइड टिपमधून अशी हातोडी कोणताही टर्नर तासाभरात करून देईल. ठोका मनगटाचा, हलका असावा आणि प्रत्येक ठोक्याची तांदळाच्या कणीएवढी खूण उठावी. खुणा पाठीलगत आणि मधल्या पट्ट्यात, बाकाच्या लांबीभर विखुरलेल्या असाव्यात. धारेपासून निदान १० मिलिमीटर दूर राहावे. जिथे पाते ऐरणीला टेकले आहे तिथेच ठोका पडला पाहिजे. खाली पोकळी असेल तर आवाज लगेच बदलतो, भरीव टणक आवाजाच्या जागी पोकळ थरथर ऐकू येते. तो आवाज आला की थांबून पाते सरकवावे. दहा-पंधरा ठोक्यांनंतर पट्टी लावून पाहावे. एक अडचण लक्षात ठेवावी की या खुणा पुढे पूर्ण घासून काढल्या तर ताणलेला थरच निघून जातो आणि थोडा बाक परत येतो. म्हणून मी ही पद्धत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या उरलेल्या बाकासाठी ठेवतो, आणि तीही पाते पूर्ण टेम्पर झालेले असतानाच. कार्बाइड स्वतः ठिसूळ असते. त्याची कपची उडते, म्हणून इथेही गॉगल हवाच.

पाठ मऊ करून घेण्याचा मार्ग जाड हत्यारांना योग्य आहे. धार पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवायची, गॅसची ज्योत फिरवून पाठ निळी होऊ द्यायची आणि तेवढ्या उष्णतेत पाते सरळ करायचे. आपल्याकडे गावातला लोहार कोयत्याला पाणी देतो ते याच विचाराने, फक्त उलट्या क्रमाने: तो मुळातच धारेचा काठ तेवढाच विझवतो, पाठ लालसर राहू देतो आणि पाठीची उष्णता धारेकडे उतरताना रंग पाहून पुन्हा बुडवतो. पाठ मऊ राहिल्याने असा कोयता वापरात वाकला तरी त्याच ऐरणीवर दोन ठोक्यांत सरळ होतो. २.८ मिलिमीटरच्या सुरीत मात्र पाठ आणि धार यांच्यात एवढे अंतरच नसते की एकीची उष्णता दुसरीला लागणार नाही, म्हणून आपल्या सुरीला मी हा मार्ग सुचवणार नाही.

बाक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल आणि पात्याला अजून मांस, म्हणजे घासता येईल इतकी जाडी, असेल, तर वरचे काहीच न करता तो घासून काढावा. उलट बाक पाच-सहा मिलिमीटरहून अधिक असेल किंवा पाते दोन ठिकाणी उलटसुलट वळले असेल, तर पुन्हा पाणी देणेच शहाणपणाचे. मात्र कडक पाते तसेच भट्टीत घालून दुसऱ्यांदा विझवू नये. आधी ते मऊ करून, गरम असताना सरळ करून, मग नॉर्मलायझिंगच्या, म्हणजे तापवून हवेत गार करण्याच्या, दोन-तीन फेऱ्या, साधारण ९००, ८५० आणि ८०० अंश अशा उतरत्या तापमानाच्या, देऊन प्रत्येक वेळी हवेत गार होऊ द्यावे. एवढे केल्यावर पात्याच्या वरच्या थरातला कार्बन आणखी थोडा जळालेला असतो, तो घासून काढण्याइतकी जाडी उरली आहे ना हेही पाहावे.

हे झाले कशामुळे, याचे उत्तर आपण दिलेल्या वर्णनात पूर्ण मिळत नाही, पण तीन ठिकाणी मला संशय येतो. कमानपाटा मुळात वाकलेला असतो. तो आपण बहुधा गार असताना किंवा जेमतेम लाल करून सरळ केला असेल आणि लगेच घासायला घेतला असेल. अशा पट्टीला आपला जुना आकार आठवतो. भट्टीत शिरताच आतला ताण मोकळा होतो आणि ती वळते, तेलाचा त्यात काही दोष नसतो. म्हणून घासणी संपल्यावर आणि पाणी देण्याआधी ६५० अंशांना तासभर ठेवून सावकाश गार करावे. वळायचे असेल तर पाते तेव्हाच वळते, आणि तेव्हा ते मऊ असल्याने हाताने सरळ करता येते.

दुसरा संशय घासणीवर. पाणी देताना पोलादाची आतली रचना बदलून ते फुगते. दोन्ही गालांवर सारखे मांस नसेल तर पातळ बाजू आधी गार होते, आधी कडक होते आणि उशिरा फुगणारी जाड बाजू पाते तिच्याकडे किंवा तिच्यापासून दूर ढकलते. धारेची जाडी पाणी देण्याआधी निदान ०.८ मिलिमीटर ठेवावी आणि दोन्ही गाल धारेच्या मध्यरेषेपासून मोजून सारखे करावेत. तिसरा संशय तेलात बुडवण्याच्या रीतीवर. लाल पाते भट्टीत आडवे निजवून ठेवले तर स्वतःच्या वजनानेही वाकते. ते पाठीवर उभे करावे किंवा टांगावे. तेल ५० ते ६० अंश गरम असावे, पाते टोकाकडून सरळ उभे उतरवावे, आणि हलवायचे तर वरखाली किंवा धार-पाठ या दिशेत, सुरीने कापावे तसे. वल्ह्यासारखे आडवे हलवले की एका गालावर ताजे थंड तेल आदळते आणि दुसऱ्यावर वाफेचा पडदा राहतो. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल वापरू नये. त्याचा धूर घातक असतो आणि थंड करण्याचा वेगही भरवशाचा नसतो. विझवण्याचे खास तेल मिळत नसेल तर शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल कमानपाट्याला चालते.

आपल्या हातून हुकलेल्या पहिल्या संधीबद्दलही लिहितो, कारण पुढच्या पात्याला तीच सर्वांत स्वस्त पडेल. कमानपाट्याच्या पोलादाचे कडक होणे साधारण २५० ते २८० अंशांखाली सुरू होते, आणि ते लागलेल्या वेळावर नाही तर उतरलेल्या तापमानावर अवलंबून असते. त्या आकड्याच्या वर, वेगाने खाली आणलेले पोलाद अजून मऊ असते. म्हणून पाते तेलात सात-आठ सेकंद, आत उठणारी गुरगुर थांबेपर्यंत ठेवावे, बाहेर काढून एका नजरेत बाक पाहावा आणि लगेच २५ मिलिमीटर जाडीच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट पाट्यांमध्ये धरून व्हाइस आवळावा. पाट्या पात्याला सरळही ठेवतात आणि गारही करतात. पाट्या नसतील तर चामड्याच्या हातमोज्यांनी लाकडी ठोकळ्यावर टेकवून सरळ करता येते. सुरुवातीला पाते शिशाच्या पट्टीसारखे वळते, दर काही सेकंदांनी हाताला त्याचा ताठपणा वाढलेला जाणवतो, आणि एका क्षणी ते उसळून परत येते. तो उसळा जाणवला की हात आवरावा. पात्याचा बराच भाग तेव्हा कडक झालेला असतो आणि त्यापुढचा प्रत्येक प्रयत्न तड्याच्या दिशेने जातो. तेलातून फार लवकर काढले तर पात्यावरचे तेल पेट घेते, म्हणून सेकंद तोंडाने मोजावेत आणि भांड्याचे झाकण हाताशी ठेवावे.

हातातल्या सुरीपुरते सांगायचे तर आज तिला पुढे घासू नये. पट्टी आणि खडूची तपासणी करावी, बाकाचे माप लिहावे आणि २१५ अंशांवर ३ मिलिमीटर पॅकिंगने पहिली फेरी द्यावी. सरळ झाल्यावर बेल्ट ग्राइंडरवर शेवटची घासणी करताना दोन्ही गाल आलटून पालटून, प्रत्येकी दोन-तीन हात देऊनच घ्यावेत आणि दर हाताला पाते पाण्यात बुडवावे. एकाच गालावरून सलग मांस काढले तर सरळ झालेले पाते पुन्हा अर्धा मिलिमीटर वळू शकते. अशा वेळी घाबरून पुन्हा क्लॅम्प लावायला जाऊ नये. दुसऱ्या गालावरून तेवढेच घासल्यावर ते बहुधा आपोआप जागेवर येते.